टिकली लावलेला मोबाईल

भास्करभावजींच्या मोबाईलला टिकल्या आहेत. पुढच्या कॅमेऱ्यावर एक, मागच्यावर एक मोठी. पाकीट माझ्याकडूनच नेलं. "वैनी, तितून लोक आत बघत्यात," म्हणाले. मी म्हटलं, "तुमाला बघून त्यास्नी काय मिळनार हाय?"

तिसगावात आमची भिंतीला भिंत आहे. भावजींचा जन्म एसटीत कंडक्टरकीत गेला. दुसऱ्याच्या पासवर फिरणारे त्यांनी पुष्कळ धरले. कुणी नाव सांगितलं की ते अजून आधी तोंडाकडे बघतात. बायको गेल्यापासून तर हे फारच वाढलं. फोन आला तर स्वतःचं नाव सांगत नाहीत. "आदी तुमी कोन ते बोला." समोरचाही तेच म्हणतो. मग दोघं कोण कोण करत बसतात.

एकदा गॅसची टाकी आली. टाकीवाला आमच्याच आळीतला.

"काका, मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

"ओटीपी कुनालाबी द्यायचा न्हाई. बँकेनं सांगितलंय."

"आवो, त्याबिगर टाकी देता येत न्हाई!"

"कुनालाबी म्हंजी कुनालाबी."

टाकी परत गेली. आठवडाभर भावजी माझ्याकडे जेवले. वर भाजीत मीठ कमी म्हणाले.

परवा मी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवतात. बंगलोरचा मुलगा होता, नव्या नंबरावरून.

"बाबा, मी निलेश."

"कशावरून? आजकाल आवाजबी चोरत्यात. आपल्या गाईचं नाव सांग."

"कपिला. बाबा, मला मीटिंग आहे."

"हे कुनीबी सांगंल. तुला इच्चू कुठं चावला हुता?"

"मळ्यात. विहिरीपाशी."

"मंग दवाखान्यात कुनी नेलं?"

पोरगा हसला. "तुम्ही. खांद्यावर. वाटेत तुमची चप्पल तुटली, तर अनवाणीच पळालात." आणि मग तो आपण होऊनच बोलत राहिला. डॉक्टर, सुई, आईनं केलेला शिरा. भावजी मध्ये हूं हूं करत होते.

"बरं, पटली वळख," म्हणाले.

"औषध घेताय ना? ठेवतो."

फोन बंद झाला. मला राग आला. "पोटच्या पोराला चोर ठरवता? लाज न्हाई वाटत?"

"पहिल्या हॅलोलाच वळखलं हुतं, वैनी."

"मंग?"

"वळख पटली की तो औषधाचं इचारतो अन् ठेवतो."

मी शेंगा फोडत राहिले. भावजी म्हणाले, "दर फोनला इचारतो, इचारायचं आता संपत आलंय. तुमाला काय आठवतं का त्याच्या लहानपनाचं?"

"माझी कोंबडी दगडानं मारली हुती त्यानं. ते इचारा."

"कबूल करंल का?"

"न्हाई करनार. भांडंल."

भावजींचा चेहरा एकदम खुलला. "मंग तर लई येळ बोलंल."