दहा सेकंदांचा भोंगा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कुपवाडच्या एका कारखान्यातले बेचाळीस कामगार मालकांसाठी हार आणायला गेले. मयताचा हार. मालक आप्पासो धडधाकट होते. हे सगळं जयराजमुळे झालं. पण ते झालंच नाही असं धरावं, अशी जयराजची फार इच्छा आहे. तेव्हा आपण सोमवारपासून सुरू करू.

जयराजचे वडील राजाराम तिथे तीस वर्षं फिटर. त्यांनी शब्द टाकला म्हणून पोराला घेतलेलं, आणि भोंगा नीट वाजला तर पोरगा परमनंट होणार होता. जुन्या कॉम्प्युटरवरून भोंगा दहा सेकंद वाजे, पण कुणी माउस हलवला की त्याला उचकी लागे. कारण माउस, कीबोर्ड, घड्याळ ही मंडळी काम चालू असताना मधेच दार वाजवतात. त्याला इंटरप्ट म्हणतात. जयराजनं ठरवलं, दार वाजवणंच बंद.

त्यानं आपल्या साध्या प्रोग्रॅममधून तसा हुकूम सोडला. कॉम्प्युटरनं प्रोग्रॅम जागेवर मारला. साध्या प्रोग्रॅमला तेवढा अधिकार नसतो. मग त्यानं तोच हुकूम कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात नेऊन ठेवला. तिथे कुणी अडवत नाही. इथवर आलेल्याला अक्कल असणार, असं धरलेलं असतं.

मंगळवारी आप्पासोंसमोर भोंगा सुरू झाला. एक उचकी नाही. दहा सेकंद झाले, मिनिट झालं.

"झ्याक! आता बंद कर की रं."

"आपोआप व्हतंय, मालक."

आणि मग जयराजच्या ध्यानात आलं. दहा सेकंद मोजणारं घड्याळसुद्धा दार वाजवूनच आत यायचं. कॉम्प्युटरच्या लेखी अजून पहिला सेकंदच सरला नव्हता.

कीबोर्ड गप्प. वीज काढली, तर बॅटरी चालू. बॅटरी आणि कॉम्प्युटर लोखंडी कपाटात; 'कुणी हात लावाय नको' म्हणून कुलूप जयराजनंच घातलेलं. किल्ली सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे, म्हणजे राजारामकडे. आणि कारखाना रिकामा. न थांबणारा भोंगा तिथे आजवर एकदाच वाजला होता, आप्पासोंचे वडील, थोरले मालक वारले तेव्हा.

जयराजनं फोन स्पीकरवर लावला. "आबा, किल्ली घिऊन माघारी या!"

"कळलं रं पोरा," राजाराम हुंदके देत होते. "हार घेतोय. लय चांगला माणूस हुता. चिक्कू हुता, आमच्या चहात कवा दूध पडू दिलं न्हाई, पर मनानं चांगला."

आप्पासो फोनकडे बघत राहिले.

"आवं आबा, जित्तं हाईत मालक!"

"पयल्यांदा तसंच वाटतंय, बाळा."

अर्ध्या तासानं बेचाळीस जण आले. आप्पासो घामाघूम होऊन करवतीनं कुलूप कापत होते. राजारामनी किल्ली पुढे केली. सहा फुटी हार मात्र पाठीमागे लपेना. पोराकडे त्यांनी पाहिलंही नाही. जयराजला त्याच कपाटात जाऊन कुलूप लावून घ्यावंसं वाटलं.

बुधवारी आप्पासोंच्या टेबलावर एक कागद होता:

"विनंती अर्ज. सदर कॉम्प्युटरच्या नोंदीनुसार भोंगा अकरा वाजता सुरू झाला, तेव्हापासून एकही सेकंद गेलेला नाही. सबब, त्या दरम्यान श्री. राजाराम यांनी चहाविषयी काढलेले उद्गार निघालेच नाहीत असे समजून अर्जदारास त्याच सेकंदापासून परमनंट करण्यात यावे, ही नम्र विनंती."