रहांगडाले मास्तरांचा ऑपरेटर

"कुठं चालले मास्तर?" असं गोंदियाच्या रस्त्यात कुणी विचारलं की रहांगडाले मास्तर थांबत आणि गंभीरपणे म्हणत, "मी कुटं चाललो ते सोडा. माह्यावर काय चालून राहिलं, ते विचारा."

विचारणारा घाबरून आपल्या वाटेला लागे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. आम्ही दोघं एकाच हायस्कुलात गणित शिकवायचो. नागपूरला पहिल्या वर्गात पास झालो मी, आणि गावात नाव यांचं! पोरं त्यांच्या मागे, हेडमास्तर त्यांच्यावर खूश. माझी बायकोसुद्धा भाजी निवडता निवडता म्हणायची, "काही म्हणा, रहांगडाले मास्तर समजावून सांगतात!"

नागपूरहून आणलेल्या गणिताच्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांना हा 'ऑपरेटर' भेटला. तेव्हापासून तोंडी दुसरा शब्द नाही. स्टेशनातला तारबाबूही ऑपरेटरच; त्याला वाटलं, मास्तर आपल्या नोकरीवर टपलेत.

पुढे तांदळाच्या गिरणीचे शेटजी त्यांच्या तावडीत सापडले. शेटजींचा प्रश्न साधा होता, "मास्टरजी, पॉलिश के लिए चावल कितनी बार घुमाऊँ?"

मास्तरांनी गिरणीच्या भिंतीवरच कोळशानं मांडणी सुरू केली. "एकेका दाण्याच्या मागं कायले धावता? ढोलात तो कुटं जाते, देवाले ठाऊक. तुमी लाली मोजा, दाण्यावरचा लाल कोंडा. एका फेरीनं सगळ्या तांदळाची लाली किती पट राहते, तेवढं पाहा. हे बदलवणारी फेरी म्हंजे आपला ऑपरेटर. पुढची फेरी म्हंजे तोच ऑपरेटर पुन्हा लावाचा!"

उत्तर जवळजवळ बरोबर आलं. शेटजींनी पोतंभर चिन्नोर तांदूळ पाठवला. मास्तरांनी त्यातला अर्धा आमच्याकडे धाडला. खीर उत्तम झाली. मला तेच जास्त झोंबलं.

तो सबंध रविवार मी त्यांच्या मांडणीत चूक शोधण्यात घालवला. आणि सापडली! दर फेरीला दाणे तुटतात, कणी चाळणीतून खाली पडते. म्हणजे लाली उतरते ती काही पॉलिशनं आणि काही दाणेच निघून गेल्यानं. मग पट सारखा राहील कसा?

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, मी हे ठणकावून सांगितलं. मास्तर उतरलेल्या चेहऱ्यानं उठतील आणि मी ते डोळे भरून पाहीन, असा बेत होता.

मास्तर उठले खरे. टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"तुमी इतके दिवस गप काऊन होते?"

"म्हणजे?"

"सारे वाहवा करून राहिले, नाई तं हासून राहिले. समजलं कोणालेच नाई. चूक काढाले पहिले समजाव लागते, मास्तर." त्यांनी हात सोडलाच नाही. "घरी चला ना. कणीचं काय कराचं, ते पाहू."

शाळा सुटल्यावर मी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. एकट्याची खोली, एक चूल, पुस्तकांचा ढीग आणि दोन खुर्च्या. एक बसून बसून गुळगुळीत झालेली. दुसरीवर धुळीचा जाड थर.

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं ती पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बसा."