देवरे सरांची दाटी

शेजारचे देवरे सर आले की चहाआधी बासमतीची बरणी मागतात. ती टेबलावर हलके हलके आपटत राहतात आणि दाणे एका दिशेने आडवे झाले की माझ्या बायकोला विचारतात, "वहिनी, ह्यांना कुणी सांगितलं?" मग वाटाण्यांची बरणी. ते कितीही आपटले तरी ढिम्म. "गोलाला तोंडच नाही, वळणार कुठे?" पापड असते तर चवडी झाल्या असत्या, हेही ऐकून घ्यावं लागतं. आमच्या दोन बरण्यांना तडे गेले आहेत.

सर निवृत्त प्राध्यापक, मूळ सटाण्याचे. विषय लिक्विड क्रिस्टल. म्हणजे द्रवासारखं वाहणारं, पण आतून शिस्तीत राहणारं प्रकरण. त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या काड्यांसारख्या कणांना एकमेकांची ना ओढ, ना वैर. दुसऱ्यात घुसायचं नाही, एवढाच नियम. विरळ असताना काड्या वाटेल तशा पडतात. दाटी झाली की समांतर होतात, कारण तशानेच प्रत्येकीला हलायला जागा उरते. "आकार आणि दाटी, बस," हे त्यांनी सोसायटीच्या पार्किंगच्या मीटिंगमध्येही सांगितलं. तेव्हापासून त्यांना मीटिंगची वेळ कुणी कळवत नाही.

काकू गेल्यापासून सर एकटेच. या दिवाळीला पुण्याहून मुलगी, जावई आणि दोन नाती येणार होत्या. पण बेडरूम पुस्तकांनी भरलेली, सर स्वतःच हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, म्हणून मुलीने हॉटेल बघितलं. सरांनी फोनवर तिला काड्यांचा सगळा सिद्धांत ऐकवला. मी समोरच होतो. ती "हो बाबा, पण" म्हणत राहिली. शेवटी शास्त्र संपलं आणि सटाण्याची अहिराणी बाहेर आली.

"घरमा जागा शे, बेटा."

मग हॉटेल रद्द झालं.

आदल्या दिवशी सरांनी मला तयारी बघायला बोलावलं. दिवाण गॅलरीत उभा केलेला, हॉलमध्ये चार गाद्या अगदी समांतर. मी विचारलं, "आणि तुमची?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "मी तेवढे दिवस तुमच्याकडे झोपलो तर? त्यांना कूस बदलायला जागा होईल."

जन्मभर दाटीचे गोडवे गाणाऱ्या माणसाने दाटी व्हायच्या दिवशी नेमकं स्वतःलाच वगळलं होतं. मला भरून आलं, आणि रागही आला.

आमच्याकडे एक खोली कायम रिकामी असते, हे सरांना चांगलं ठाऊक आहे.

"सर, आमच्याकडे अजिबात जागा नाही," मी म्हणालो आणि त्याच खोलीतली गादी आणून त्या चार गाद्यांच्या मधोमध सरकवली.