मुकुंद कासेगावकरची केटी

मुकुंद कासेगावकर एक शुक्रवार जरी रजेवर गेला तरी नॉर्वेतला मासा जागचा हलणार नाही, असं सोलापुरात एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे मुकुंद कासेगावकर.

नॉर्वे कुठं, सोलापूर कुठं! पण मुकुंदाची 'सुसूत्र कन्सल्टिंग' ही कंपनी जगभरच्या धंद्यांची संगणकाची कामं अंगावर घ्यायची. मुख्य कचेरी पुण्याला आणि एक छोटीशी शाखा नव्या पेठेत, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली बायका पैठणीचा पदर उलगडून बघत असायच्या आणि वर मुकुंद नॉर्वेतल्या एका मासेवाल्या कंपनीचा साठा बघत असायचा. आयुष्यात अंड्याचा केकसुद्धा न खाल्लेला हा माणूस हेरिंग किती, कॉड किती, कुठल्या गोदामात किती, हे झोपेतून उठवलं तरी सांगायचा. दर शुक्रवारी दुपारी साठा जुळवणारा एक जुनाट प्रोग्राम चालवावा लागे. तो लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला होता, आणि प्रोग्राम असा की अर्ध्यात रुसून बसायचा. त्याचा रुसवा काढणं फक्त मुकुंदाला जमायचं. निदान मुकुंदानं तसा बोलबाला तरी करून ठेवला होता.

त्याची बायको पद्मजा शाळेत शिक्षिका. मे महिन्याची सुट्टी, सोलापूरचं ऊन, आणि दार्जिलिंगला जायची तिची जुनी हौस. जानेवारीत तिनं नवऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहून त्याला रजेचा अर्ज संगणकात भरायला लावला होता आणि लगोलग दोघांची तिकिटंही काढली होती. पुढच्याच आठवड्यात मुकुंदानं घरी येऊन तोंड पाडून सांगितलं की रजा नामंजूर झाली. खरं म्हणजे त्यानं उत्तर आलं की नाही हे उघडून बघितलंही नव्हतं. बघायचं काय त्यात? त्याला रजा कोण देणार, आणि नॉर्वेचं काय करणार?

असा सगळा आनंद चालला असताना एप्रिलमधल्या एका सकाळी पुण्याहून त्याचे साहेब मृत्युंजय पडद्यावर आले. हा माणूस एरवी कधी हसायचा नाही. त्या दिवशी हसला, आणि मुकुंदाला तिथंच पहिली शंका आली. शिवाय साहेबांनी आई-वडिलांची चौकशी केली. मग म्हणाले, "तुमच्याकडे देवयानी बिराजदार म्हणून एक मुलगी येतेय. तिला पूर्ण केटी द्या. काही म्हणजे काही राखून ठेवू नका."

केटी म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर', आपल्याला जे जे येतं ते सगळं दुसऱ्याच्या ओंजळीत ओतायचं. वरवर फार उदात्त काम. पण या धंद्यात मुरलेल्या कुणालाही विचारा, केटी द्यायला सांगितलं की माणसाच्या पायाखालची वाळू सरकते. ओंजळ भरली की भांड्याची गरज काय?

पलीकडच्या टेबलावर सयाजी बसायचा. केमचा गडी, दर शनिवारी रेल्वेनं गावी जाणारा, आणि धीर देण्याच्या बाबतीत अगदीच कुचकामी. त्यानं खुर्ची सरकवत मुकुंदाजवळ आणली.

"पूर्ण केटी म्हनाले व्हय? मग तुमचं काय खरं न्हाय, मुकुंदराव. देवदत्तलाबी असंच हसून सांगितलं हुतं. आता हाय की सांगोल्याला, डाळिंबं बघतोय."

"त्यानं स्वतःहून सोडली होती नोकरी," मुकुंद म्हणाला.

"समदे स्वतःहूनच सोडत्यात," सयाजी म्हणाला आणि खुर्ची परत घेऊन गेला.

मुकुंदाला घास तेव्हापासून गोड लागेना. आई-वडील थकले म्हणून त्यानं पुण्यातली चांगली चाललेली नोकरी या शाखेपायी सोडली होती. ही गेली की सोलापुरात त्याच्या कामाची दुसरी जागा नव्हती. पुन्हा पुण्याला भाड्याची खोली, पुन्हा खानावळ, आणि आई-वडील इकडे एकटे. हे तो घरी कुणालाच बोलला नाही. एकटाच शंका चघळत बसला, आणि शंका हा पदार्थ असा की चघळावा तितका वाढतो.

पुरावेही येत गेले. मनुष्यबळ विभागातून त्याच्या लॅपटॉपचा नंबर विचारून घेतला. का? परत घ्यायचा असणार! मग त्यानं कॅलेंडर उघडून बघितलं तर मेच्या मधल्या पंधरवड्यातल्या सगळ्या मीटिंगांमधून त्याचं नाव गळालेलं. सयाजीचं नाव होतं, येणाऱ्या देवयानीचं होतं, त्याचं नव्हतं. मुकुंदानं तो पडदा मोठा करून बघितला, लहान करून बघितला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. नाव काही आलं नाही.

देवयानी आली ती अक्कलकोटहून, हातात शेंगाचटणीची बरणी घेऊन. शांत मुलगी, चष्मा लावणारी, प्रत्येक वाक्याला 'हो सर' म्हणणारी. मुकुंदाला ती पाहताक्षणीच कावेबाज वाटली. आपली नोकरी घ्यायला आलेला माणूस चटणी कशाला आणेल? लाच, दुसरं काय! चटणी मात्र फार सुरेख होती, ती त्यानं दोन दिवसांत संपवली.

पुढची शंका भाषेची. जेवणाच्या सुट्टीत देवयानी जिन्यात जाऊन फोनवर कानडीत बोलायची. मुकुंद पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं जिन्याशी घुटमळायचा. त्याला कळायचं फक्त 'इल्ला इल्ला', म्हणजे नाही नाही, आणि मधूनच स्वच्छ मराठीत 'मुकुंद सर'. ही पुण्याला खबरा पुरवतेय याबद्दल त्याला संशय उरला नाही. मृत्युंजय साहेबांना कानडी येत नाही, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली होती. पण त्यानं तिला तिथं फार वेळ बसू दिलं नाही.

तेव्हा मुकुंदानं बेत आखला. केटी द्यायची, भरपूर द्यायची, पण अशी द्यायची की शिकणाऱ्याच्या डोक्याचा गोविंदा झाला पाहिजे. मग सगळे हात जोडून म्हणतील, हे काम मुकुंदाशिवाय कुणाचं नव्हे.

केटीच्या तासांचं रेकॉर्डिंग होतं हे त्याला माहीत होतं. पण केटीचं रेकॉर्डिंग उघडून बघणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता.

पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं की प्रोग्राम चालू करण्याआधी नॉर्वेच्या गोदामात फोन करायचा आणि विचारायचं, मासे मोजले का. 'हो' म्हणाले की फोन ठेवायचा नाही. पुन्हा विचारायचं, नीट मोजले का?

"दोनदा का, सर?" देवयानीनं विचारलं.

"पहिलं उत्तर माणूस सवयीनं देतो," मुकुंद गंभीरपणे म्हणाला. हे वाक्य कुठून आलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

एकदा सैल सुटलेली जीभ मग आवरेना. प्रोग्राम अडकला की हात लावायचा नाही, उठून चहा प्यायचा. चहा बसून नाही, उभ्यानं. त्या वेळात पडद्याकडे पाठ करायची, कारण बघत राहिलं की तो जास्त वेळ घेतो. हेरिंगचा आकडा आधी, कॉडचा नंतर, उलटं केलं तर वर्षभराचा हिशेब कोलमडलाच म्हणून समजा. देवयानीला एकदाही हसू आलं नाही. ती सगळं टिपून घ्यायची आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन पाठ करायची. तिचा असा गंभीर चेहरा बघून मुकुंदाची शंका आणखी बळावली. एवढं ऐकून घेणारा माणूस सरळ असूच शकत नाही!

मग एका शुक्रवारी देवयानीनं एकटीनं प्रोग्राम चालवला. मुकुंद मुद्दाम सयाजीला घेऊन रसाच्या गाड्यावर जाऊन बसला. मोबाइल हातात, नॉर्वेहून बोंब कधी येते याची वाट बघत. बोंब आली नाही. परत आल्यावर देवयानी एवढंच म्हणाली की झालं सर, पण गोदामातले गृहस्थ फोनवर खूप वेळ काही बोललेच नाहीत. मुकुंदानं मनात खूश होत मान हलवली.

शेवटचा टप्पा म्हणजे उलटी केटी. शिकणाऱ्यानं साहेबांसमोर आणि गिऱ्हाइकासमोर सगळं काम स्वतः समजावून दाखवायचं. त्या दिवशी नव्या पेठेत लाइट गेली होती, म्हणून सगळे आपापल्या घरून हजर झाले. आता देवयानी अडखळणार आणि सगळे आपलं नाव घेणार, हे पद्मजानं ऐकावं म्हणून मुकुंदानं मुद्दाम आवाज मोठा ठेवला. पद्मजा समोरच शेंगा निवडत बसली होती.

पडद्यावर साहेब होते आणि नॉर्वेच्या इंगेबोर्गबाई. देवयानीनं घसा साफ केला आणि स्वच्छ इंग्रजीत एकेक पायरी सांगायला सुरुवात केली. गोदामाला फोन, दोनदा विचारणं, हेरिंग आधी, कॉड नंतर. प्रोग्राम थांबला की उभ्यानं चहा, पडद्याकडे पाठ. ती एकदाही अडखळली नाही. शेवटी म्हणाली की मुकुंद सरांनी हे सगळं स्वतः शिकवलं आहे, रेकॉर्डिंग उपलब्ध आहे.

मृत्युंजय साहेबांचं हसू मावळलं. पद्मजाच्या हातातली शेंग हातातच राहिली. मुकुंदाला वाटलं, आपण आत्ताच सांगोल्याला देवदत्तला फोन करून डाळिंबांची चौकशी करावी.

इंगेबोर्गबाई मात्र खुर्चीत पुढं सरकल्या. म्हणाल्या, गेल्या शुक्रवारी या मुलीनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आमचा गोदामवाला गप्प झाला. मग उठून मोजायला गेला, तर हिवाळ्यापासून एक अख्खी थंड खोली कुणी मोजलीच नव्हती. आम्ही वर्षानुवर्षं सल्लागार बदलले, पण 'नीट मोजले का' हे कुणी विचारलं नाही. हीच पद्धत आता आमच्या सगळ्या गोदामांना लागू होईल. मग त्यांनी अगदी आदरानं विचारलं की चहाऐवजी कॉफी चालेल का.

"चालेल," मुकुंद म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "पण उभ्यानं."

बाईंनी ते लिहून घेतलं. सगळ्या गोदामांची फेरमोजणी मे महिन्यात होईल आणि त्यावर मुकुंदांनी जातीनं लक्ष ठेवावं, अशी त्यांनी अट घातली. मृत्युंजय साहेब पेचात पडलेले दिसले. म्हणाले, "मुकुंद, तुमची दार्जिलिंगची रजा मी फेब्रुवारीतच मंजूर केली होती. या माणसाला एकदा तरी निवांत जाऊ द्यावं म्हणून तर ही सगळी केटी. मीटिंगांतून नाव काढलं, तुमच्या लॅपटॉपची दुरुस्ती त्याच दिवसांत लावली. पण आता गिऱ्हाइकापुढं माझा नाइलाज आहे."

पद्मजानं शेंग फोडली.

देवयानी मात्र रडवेली होऊन म्हणाली, "सर, थँक यू. मी कंपनीत वर्षभर काम नसल्यामुळं बसून होते. हे नाही जमलं तर घरी जा असं सांगितलं होतं. मला वाटायचं तुम्ही मला मुद्दाम कठीण शिकवून पारखताय. आईला रोज फोनवर तेच सांगायचे, सर परीक्षा बघतायत, चटणी अजून पाठव." मुकुंदाला त्या चटणीची आठवण झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती तिखट लागली. त्या मुलीची नोकरी त्यानं स्वतःच्या हातानं घालवायचीच तेवढी बाकी ठेवली होती, आणि ती आभार मानत होती. त्याला खरोखर लाज वाटली. ती पुरती वाटून व्हायच्या आत पद्मजानं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"नामंजूर झाली होती ना?"

मुकुंदानं सांगायचा प्रयत्न केला की उत्तर उघडायचं राहून गेलं. पद्मजा चिडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली की मला जानेवारीपासूनच शंका होती, म्हणून तिकिटं रद्द केलीच नव्हती. तुमच्या जागी माझ्या शाळेतल्या वैजयंतीताई येतील.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मुकुंदाला स्वयंपाकघरात उभं केलं आणि शांतपणे एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेलाही ठाऊक नसतं, तेव्हा शेजारच्या निंगप्पांची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की उठायचं. दूध उतू जाताना पाठ करायची नाही, ते काही प्रोग्राम नाही. बाबांची गोळी जेवणाआधी, आईंची जेवणानंतर. डाळ, तांदूळ, मीठ, गॅसवाल्याचा नंबर. काही म्हणजे काही तिनं राखून ठेवलं नाही, आणि सांगताना ती चक्क हसत होती.

ते हसू बघता बघता मुकुंदाला मृत्युंजय साहेबांचं हसू आठवलं. असं हसून, असं सगळं ओंजळीत कोण ओततं आणि का ओततं, हे त्याला चांगलंच माहीत होतं. तिच्या बॅगेकडे त्यानं नीट निरखून बघितलं. पंधरवड्यासाठी जरा मोठीच होती.

"पद्मजा," तो हळूच म्हणाला, "तू परत येणार आहेस ना?"

पद्मजानं बॅगेची चेन ओढली.

"उद्या सकाळी आई-बाबांसमोर उलटी केटी," ती म्हणाली. "मग बघू."