रंगोबाची तांब्याची पाटी

बाळांनो, मांडी घालून बसा आणि मध्ये बोलू नका. एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा विजेचे खांब जास्त झाले होते, रंगोबा नावाचं अस्वल राहत होतं.

रंगोबाने भिंतीएवढा टीव्ही आणला. नारळ फोडला, हार घातला, कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आजवर सगळे त्याला 'ए अस्वला' म्हणत. ते त्याला फार लागायचं. आता तरी कुणी 'रंगोबाशेठ' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

वायरिंग केरबा साळिंदराने केलं. त्याने अंगणात खोल खड्डा खणला, तांब्याची जाड पाटी पुरली, भोवती मीठ-कोळसा भरला आणि तिथून तार घरात नेली.

"जास्तीची वीज आली तर या वाटेनं जमिनीत जाईल," केरबा म्हणाला. "आणि आभाळ गडगडलं की पिन काढून ठेव. केबलचीसुद्धा."

"बरं बरं," रंगोबा म्हणाला.

पण ती पाटी काही त्याच्या डोक्यातून जाईना. एवढं चकचकीत तांबं, आणि मातीत? पाहुण्यांना दिसणार कसं? चार दिवसांनी त्या शहाण्याने खड्डा उकरला. पाटी चिंचेने घासली, तिच्यावर 'रंगोबाशेठ' कोरून घेतलं आणि दारावर ठोकली. उरलेल्या तारेवर अस्वलिणीने कपडे वाळत घातले.

रविवारी दुपारी अख्खं जंगल मॅच बघायला लोटलं. पाटी वाचून कोल्हा म्हणाला, "काय शेठ, बरं आहे ना?" रंगोबाला भरून आलं.

तेवढ्यात आभाळ गडगडलं. मागून केरबा उठला. "रंगोबा, पिन काढ."

"आत्ता? लोक म्हणतील, शेठ घाबरला."

सगळे केरबाला हसले. अंगभर काटे आणि काळीज उंदराचं, म्हणे.

मग वीज खांबावर पडली. टीव्ही गेला, फ्रिज गेला, अस्वलिणीचा मिक्सरही गेला. घरभर धूर झाला. पाहुणे पेढे उचलून पसार झाले. रंगोबा ढसाढसा रडला. टीव्हीचं एवढं नाही, पण उद्यापासून पुन्हा 'ए अस्वला' ऐकावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. केरबाने लोंबती तार दाखवली आणि पाटीचं सगळं सांगितलं.

"म्हणजे विजेला घरात यायची वाट यानेच करून दिली होती," कोल्हा केरबाकडे बोट दाखवत म्हणाला.

सभेला ते लगेच पटलं. केरबाची पक्कड आणि टेस्टर जप्त झाले. पोटापाण्यासाठी तो बिचारा दुसऱ्या जंगलात गेला.

"आता वीज सुरक्षा समितीला अध्यक्ष हवा," कोल्हा म्हणाला. "आपल्या शेठइतका विजेचा अनुभव आहे कोणाला?"

कोणालाच नव्हता. रंगोबाने डोळे पुसले. पाटीवर नावाखाली जागा होतीच, तिथे 'अध्यक्ष' कोरून घेतलं. मग पहिला हुकूम काढला: जंगलातलं पुरलेलं सगळं तांबं उकरून दारांवर लावावं.

तात्पर्य: तांबं जमिनीत पुरलं तर नुसतं घर वाचतं. दारावर ठोकलं तर अध्यक्ष होता येतं.