कल्पिताबाईंनी तीस सेकंदांचा भोंगा कह्यात आणिला त्याची हकीकत

जैसे कळले तैसे लिहिले आहे, चूक राहिल्यास जाणत्यांनी पदरात घ्यावी. किहीमच्या बाजूस समुद्रकाठी कबड्डीचा अंतिम सामना मांडिला, आणि चढाईचे तीस सेकंद मोजावयाची कामगिरी यंदा कल्पिताबाई म्हात्रे, नवी मुंबईस प्रोग्रामरीची चाकरी, यांनी शिरी घेतली. पूर्वी तीस वर्षे तो मान येसाजीअण्णांचे स्टॉपवॉचाचा. बाईंनी स्वहस्ते प्रोग्राम लिहून लॅपटॉप मेजावर स्थापिला, आणि चढाई सुरू होताच बटण दाबावे, मग टायमर नामे चोपदार तैनात व्हावा, आणि तीस सेकंद भरताच त्याने भोंगा वाजवून चढाईवीरास बाद करवावे, ऐसा बंदोबस्त केला.

तो पूर्वार्धातच अनर्थ जाहला. बाईंचे सख्खे बंधू हिरामणदादा, गावचे संघाचे सरदार, शत्रूचे मुलखात शिरून दहा सेकंद न होत तोच भोंगा गर्जला, आणि पंचांनी त्यांस बाद केले, आणि मग शत्रूचाही वीर तैसाच पडला. दोन्ही फौजा मेजावर चालून आल्या.

"कल्पे, मी आताशी रेघ वलांडली," दादा गरजले. "तुजा भोंगा कोनाचे बाजून हाय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "माजं घड्याल खिशान हाय. चावी बी दिलेली हाय."

पंचांचा हुकूम सुटला की मध्यंतराची पाच मिनिटे मोहलत, तोवर भोंगा ताळ्यावर न आल्यास लॅपटॉप उचलावा. बाई प्रोग्राम ओळीओळीने वाचू लागल्या. घरी पन्नास वेळा तपासिले होते, दर वेळी पुरते तीस सेकंद बसून. आणि मग ध्यानी आले की घरी मुदतीआधी परतणारा भिडू होता कोठे? येथे वीर बावीस सेकंदांत परते, पुढली चढाई सुरू होऊन नवा चोपदार नेमिला जाई, आणि जुन्यास रजा कोणी दिलीच नव्हती. तो आपले तीस भरताच इमानाने दुसऱ्याचे चढाईत भोंगा वाजवी. मग बाईंनी एका ओळीचे फर्मान लिहिले की नवा नेमण्यापूर्वी जुना बडतर्फ करावा. अण्णांनी संशय धरून शेजारी आपले घड्याळ लाविले. तीन वेळा बटण दाबिले, भोंगा एकच, आणि तोही शेवटल्या दाबापासोन तिसाव्यासच.

उत्तरार्ध निर्वेध चालिला आणि गुण समसमान असता अखेरची चढाई हिरामणदादांची आली. दादांनी गडी टिपला, आणि माघारी फिरावे ते सोडून प्रेक्षकांस मांडी थोपटून दाखवीत राहिले, आणि रेघ वीतभर उरली असता भोंगा वाजला. दादांनी आशेने अण्णांकडे पाहिले.

अण्णांनी घड्याळ डोळ्यांशी नेले. "तीस. पोरीचा बरोबर हाय."

येणेप्रमाणे गावाने एका गुणाने सामना गमाविला आणि कल्पिताबाईंचे टायमराची फत्ते जाहली. हिरामणदादा आठ दिवस बहिणीशी बोलिले नाहीत, तेही विजयाखाती दाखल केले असे.