शिल्लक: एक

आमच्या अख्ख्या खानदानात दुकान बांधणारी मी पहिलीच! मोठ्या काकांनी आयुष्यात फक्त भिंतीत एक खिळा ठोकलाय, आणि तोही वाकडा.

म्हणजे माझं दुकान ऑनलाइन आहे, आणि खरं तर ते आईचं. बाबांचं लोकरीचं दुकान घराच्या खालीच. आई तिथल्या लोकरीच्या टोप्या विणून इंटरनेटवर विकायची. गेल्या वर्षी आई गेली. उरलेल्या टोप्या बाबांनी कपाटात ठेवल्या आणि ऑनलाइन प्रत्येकीपुढे 'शिल्लक: शून्य' करून टाकलं. विषय संपला! त्यातली तपकिरी टोपी आईने विकायलाच काढली होती. पण औषधांनी केस गेले तेव्हा तीच घालून ती दवाखान्यात बसायची.

तर शाळेत कॉम्प्युटरच्या बाईंनी कंपोनंट शिकवले. कंपोनंट म्हणजे पानाचे सुटे तुकडे. एक तुकडा दुकानाला विचारतो, "काय काय आहे रे?" दुसरा सांगतो, "हे बदल!" मी ठरवलं, आईच्या दुकानाला असं देखणं पान करायचं की बाईंनी चष्मा पुसून बघावं! आईचा पासवर्ड मला पाठच होता. बसले की ठोकत.

पान झालं झकास. पण सगळीकडे शून्य, शून्य, शून्य! वर्गातल्या माझ्या बीजगणिताच्या वहीसारखं. शिवाय आकडा वाढवायचं अधिकचं बटण चालतं का ते बघायला नको? पान माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे आकडाही माझ्या लॅपटॉपवर, असा माझा पक्का समज! प्रत्येक टोपीवर एकेकदा टिचकी मारली. 'शिल्लक: एक', 'शिल्लक: एक'... पान कसं उजळून निघालं! मी खुशीत शाळेत गेले.

आकडा लॅपटॉपवर नव्हता. तो थेट आईच्या खऱ्या ऑनलाइन दुकानात जाऊन बसला होता.

बाबा लोकर आणायला परगावी गेलेले. पार्सलं बांधायचं काम आत्याकडे, त्यामुळे ऑर्डरी तिच्या मोबाइलवर येतात. मी घरी आले तर आत्या डोळे पुसत चिकटपट्टीचं रीळ गुंडाळत होती.

"दादाने मन घट्ट केलं गं एकदाचं!"

"कशासाठी?"

"अगं, टोप्या विकायला काढल्यान् ना! भराभर गेल्या बघ. कुरियरवाला आत्ताच घेऊन गेला."

मी दप्तर तिथेच टाकलं! "आत्या, तपकिरी?"

"ती तर सगळ्यात आधी गेली!"

संध्याकाळी बाबा आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मध्ये दोनदा मी 'कंपोनंट' म्हणाले, कारण मला वाटलं शब्द मोठा असला की राग लहान होतो. बाबा ओरडले नाहीत. कपाट उघडून रिकाम्या फळीकडे बघत उभे राहिले.

"बाकीच्या जाऊ देत," ते म्हणाले. "लोक घालतील, थंडी आहे. त्या तपकिरीला अजून तिचा वास होता गं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी पेटले! विचारणाऱ्या तुकड्याला ऑर्डरी विचारायला लावल्या, तपकिरी टोपीचा पत्ता काढला. आमच्याच गावात, निवृत्त मुख्याध्यापिका! टोपी पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा त्यांच्या दारात. मी हकिगत सांगितली. बाई इतक्या भल्या, की लगेच आत गेल्या.

"अहो, न्या ना! यात विचारायचं काय? पैसेही नकोत मला." त्यांनी टोपी बाबांच्या हातात ठेवली. "आणि काळजी करू नका हं, अगदी स्वच्छ आहे. कसला तरी औषधासारखा वास येत होता, म्हणून मी दोनदा धुतली!"

बाबांनी टोपी नाकाशी नेली. बराच वेळ धरली.

"छान धुतलीत," ते म्हणाले. "आभारी आहे."

परतताना चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, "साबण चांगला आहे गं. कुठला, ते विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "परत जाऊन विचारून येऊ?"

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. पान बांधता येतं हो मला. कुठे गप्प बसायचं, ते अजून येत नाही.